क्ष-आंतरछेद काढायचा तर शून्य कोणाला करायचं?

रेघोट्या (धागालेखक)

सरळ रेषेचे आंतरछेद काढणं हे खरं तर दोन ओळींचं काम. ३क्ष + ४य = २४ घ्या. य = ० ठेवला की ३क्ष = २४, म्हणून क्ष = ८. क्ष = ० ठेवला की ४य = २४, म्हणून य = ६. रेषा क्ष-अक्षाला (८, ०) मध्ये आणि य-अक्षाला (०, ६) मध्ये छेदते. संपलं.

तरी एक चूक वर्षानुवर्षं ठाण मांडून बसली आहे. ‘क्ष-आंतरछेद काढा’ म्हटलं की मुलं क्ष = ० ठेवतात, ६ मिळवतात आणि ‘क्ष-आंतरछेद = ६’ लिहून मोकळी होतात. आकडेमोड अचूक, उत्तर उलटं. पडताळा म्हणून (०, ६) समीकरणात घालून बघतात, तर तो बसतो! त्यामुळे चूक त्यांना दिसतच नाही.

माझ्या मते दोष नियमाच्या शब्दांत आहे. ‘क्ष हवा तर य शून्य’ हे पाठ करायला सोपं, म्हणूनच परीक्षेत उलटायलाही सोपं. शिकवणाऱ्यांनी आणि तपासणाऱ्यांनी सांगावं, यावर खात्रीचा उपाय काय? आणि जाता जाता दुसरा प्रश्न: रेषा काढायला हे दोन बिंदू पुरतात, की तिसरा घ्यायलाच हवा?

झाकली_मूठ

सोपं आहे. नको असलेलं पद बोटाने झाका. ४य वर बोट ठेवलं की उरतं ३क्ष = २४. जे अक्षर दिसतंय त्याचाच आंतरछेद. क्ष दिसतोय ना, मग तो क्ष-आंतरछेद, ८. आता ३क्ष झाका, ४य = २४, य-आंतरछेद ६. ‘शून्य’ हा शब्दच उच्चारायचा नाही, मग उलटापालट होणार कुठून?

मूकवाचक

सव्वा लाखाची म्हणतात ती हीच मूठ.

ऋणको

@झाकली_मूठ, बोटाखाली काय काय जातं तेही बघा. ३क्ष − २य = १२ घ्या. ३क्ष झाकताना शेजारचं वजाचं चिन्हही बोटाखाली जातं, उरतं २य = १२, आणि उत्तर ६. खरं उत्तर −६. ते चिन्ह दोन पदांमधलं नाही, २य च्या मालकीचं आहे. झाकायचंच असेल तर पदांभोवती आधी गोल करा आणि चिन्ह गोलाच्या आत घ्या: (३क्ष) (−२य) = १२. मग झाका.

दुसरा खड्डा यापेक्षा खोल. स्थिर पद डावीकडेच बसलेलं असतं तेव्हा, म्हणजे २क्ष − ५य + २० = ०. य चं पद झाकलं की २क्ष + २० = ०, म्हणजे क्ष = −१०. घाईत तो २० उजवीकडे आहे असं धरून १० लिहिलं जातं. क्ष चं पद झाकलं की −५य + २० = ०, य = ४. इथे घाई केली तर −४ येतं. थोडक्यात दोन्ही चिन्हं उलटतात आणि रेषा आरंभबिंदूच्या पलीकडच्या बाजूला जाऊन पडते, मूळ रेषेला समांतर. चढ बरोबर येतो म्हणून आकृतीही संशयास्पद वाटत नाही. झाकण्याआधी २क्ष − ५य = −२० असं लिहून घेतलं तर हा घोळ होत नाही.

तिरकस

ऋणको यांच्या पहिल्या खड्ड्यासाठी पाच सेकंदांचा पडताळा आहे. दोन्ही आंतरछेद एकाच चिन्हाचे असतील तर रेषा डावीकडून उजवीकडे उतरते. विरुद्ध चिन्हांचे असतील तर चढते. कारण

चढ = −(य-आंतरछेद) ÷ (क्ष-आंतरछेद)

३क्ष − २य = १२ चा चढ ३/२, धन. तेव्हा आंतरछेद विरुद्ध चिन्हांचे हवेत. ४ आणि −६ चालतात, ४ आणि ६ चालत नाहीत. दुसऱ्या खड्ड्यात मात्र हा पडताळा आंधळा आहे, कारण दोन्ही चिन्हं एकदम उलटली तर भागाकार तोच राहतो. तिथे उत्तर मूळ समीकरणात घालूनच बघावं लागतं.

मूकवाचक

देवनागरीत बीजगणित लिहिणाऱ्यांसाठी इशारा. सामान्य रूप ‘अ गुणिले क्ष, अधिक ब गुणिले य, बरोबर क’. गुणाकाराचं चिन्ह गाळलं की ‘अक्ष + बय = क’. म्हणजे समीकरणातच अक्ष येऊन बसला, आता छेदायचं कोणाला?

शून्यवादी

@मूकवाचक 😀 म्हणूनच मी मध्ये टिंब देतो: अ·क्ष + ब·य = क.

आता कोणी न काढलेला विषय. वरच्या सगळ्या उदाहरणांत दोन आंतरछेद गुपचूप मिळाले. तसे न मिळणाऱ्या जागा अशा.

क = ० असेल, उदाहरणार्थ २क्ष − ३य = ०. य = ० ठेवा, क्ष = ०. क्ष = ० ठेवा, य = ०. दोन्ही आंतरछेद ० आहेत, पण बिंदू एकच, आरंभबिंदू. एका बिंदूतून रेषा काढता येत नाही, त्यामुळे दुसरा बिंदू वेगळा शोधावा लागतो. क्ष ला ३ द्या, य २ येतो, (३, २) मिळाला. इथे दोनदा (०, ०) आलं की ‘माझं काहीतरी चुकलं’ असं वाटून लोक बरोबर उत्तर खोडतात.

अ = ० असेल, उदाहरणार्थ य = ४. क्ष-आंतरछेद काढायला य = ० ठेवला की ० = ४. हे अशक्य आहे, म्हणजे क्ष-आंतरछेद नाही. इथे ‘क्ष-आंतरछेद ०’ लिहिणं ही सरळ चूक आहे. शून्य असणं म्हणजे आरंभबिंदूतून जाणं, नसणं म्हणजे कधीच न छेदणं. ही गल्लत उलटापालटीइतकीच पसरलेली आहे.

क्ष = −३ ला य-आंतरछेद नाही, हे त्याचंच भावंड.

आणि रेषाच य = ० असेल तर? तो खुद्द क्ष-अक्ष. त्याच्यावरचा प्रत्येक बिंदू सामाईक, तेव्हा ‘क्ष-आंतरछेद किती’ या प्रश्नाला एक उत्तर नाही.

खुसपट

नावाप्रमाणे वागतो. मूळ धाग्यात ‘आंतरछेद ८’ असंही धरलंय आणि ‘(८, ०) मध्ये छेदते’ असंही. आंतरछेद म्हणजे संख्या की बिंदू? माझं मत: संख्या. चिन्हासकट संख्या. बिंदू हवा असेल तर ‘छेदनबिंदू’ हा शब्द आहेच.

‘अंतःखंड’ म्हणणारेही आहेत. त्या शब्दात खंड आहे, खंड म्हटलं की तुकडा, तुकडा म्हटलं की लांबी, आणि लांबी ऋण कशी असेल? मग −१० चं १० होतं. शब्दच चिन्ह खातो.

ऋणको

खंडाला लांबी नको, दिशा असलेलं अंतर म्हणा. आरंभबिंदूपासून उजवीकडे आणि वर धन, डावीकडे आणि खाली ऋण. मग −१० म्हणजे ‘डावीकडे दहा घरं’. शब्द बिचारा निर्दोष आहे.

खुसपट

मान्य. पण प्रश्नात ‘छेदनबिंदूंचे निर्देशक लिहा’ असेल तर नुसतं ८ लिहून चालणार नाही, आणि ‘आंतरछेद किती’ असेल तर ८ पुरतं. प्रश्न वाचावा, एवढंच.

पट्टी_पेन्सिल

धाग्यातल्या दुसऱ्या प्रश्नाला कोणी हातच लावलेला नाही, तो मी घेतो.

दोन बिंदूंतून रेषा ठरते हे भूमितीत खरं आहे. कागदावर पेन्सिलीचं टोक मध्ये येतं. ९क्ष + १०य = ५ घ्या. आंतरछेद ५/९ आणि १/२. एक सेंटिमीटर = एक एकक असं प्रमाण घेतलं तर हे दोन बिंदू एकमेकांपासून जेमतेम पाऊण सेंटिमीटरवर येतात. त्यातला एक अर्धा मिलिमीटर बाजूला सरकला (आणि ५/९ सारखा बिंदू आलेख कागदावर सरकतोच, कारण ती घराची रेघ नाही) तर त्याच रेषेवर साडेसात सेंटिमीटर पुढे जाईपर्यंत चूक दहापट होते. पाच मिलिमीटर! अर्धं घर. दुसरी रेषा काढून छेदनबिंदू वाचायचा असेल तर उत्तर गेलं.

अशा वेळी आंतरछेद सोडा, पूर्णांक बिंदू शोधा. (५, −४) घालून बघा: ४५ − ४० = ५. (−५, ५): −४५ + ५० = ५. हे दोन बिंदू साडेतेरा सेंटिमीटर लांब आहेत. यांतून रेषा काढा आणि आंतरछेद कुठे पडतात ते बघा, ते आपोआप बरोबर जागी येतील.

३क्ष + ७य = १० चं तसंच. आंतरछेद १०/३ आणि १०/७, दोन्ही घरांच्या मध्ये लटकलेले. (१, १) आणि (८, −२) घ्या.

पूर्णांक बिंदू एक मिळाला की पुढचे फुकट. क्ष मध्ये य चा सहगुणक मिळवा, य मधून क्ष चा सहगुणक वजा करा. (१, १) पासून (१ + ७, १ − ३) = (८, −२). उलट दिशेने (−६, ४).

तिसरा बिंदू घ्यायचाच. तो रेषा ठरवायला नाही, पहिल्या दोघांना पकडायला. दोन चुकीच्या बिंदूंतूनही रेषा बिनतक्रार जाते. तिसरा रेषेवर बसला नाही की कळतं. तो पहिल्या दोघांपासून लांबचा घ्या, मधला घेतला तर लहान चूक झाकली जाते.

झाकली_मूठ

@पट्टी_पेन्सिल, पटलं. पण ३क्ष + ४य = २४ सारख्या समीकरणात जिथे स्थिर पदाला दोन्ही सहगुणकांनी भाग जातो, तिथे आंतरछेदांइतके स्वस्त बिंदू नाहीत.

पट्टी_पेन्सिल

तिथे खुशाल. तिसरा बिंदू (४, ३) घ्या, १२ + १२ = २४. तो दोघांच्या बरोबर मध्ये येतो, म्हणून त्यापेक्षा (१२, −३) बरा. कागद पुरला तर.

पहिलाच_प्रतिसाद

बरेच दिवस वाचतोय, आज लिहितोय. समीकरणच दिलेलं नसेल तर? नुसतं कोष्टक आहे: क्ष २ असताना य ७, क्ष ५ असताना य १. आंतरछेद कसे काढायचे?

तिरकस

स्वागत! आधी चढ. क्ष तीनने वाढला, य सहाने घटला, चढ −६/३ = −२. म्हणजे क्ष एक घर उजवीकडे गेला की य दोनने उतरतो. आता उलटे चाला. क्ष = २ पासून शून्याकडे यायला दोन घरं डावीकडे, दर घराला य दोनने चढतो: ७ + ४ = ११. हा य-आंतरछेद. आता उजवीकडे: (५, १) पासून य ला शून्यावर यायला १ उतरायचं आहे, दर घराला २ उतरतो, म्हणजे अर्धं घर. क्ष-आंतरछेद ५.५. समीकरण लिहिलंच नाही.

सूत्रच हवं असेल तर य-आंतरछेद = (क्ष२·य१ − क्ष१·य२) ÷ (क्ष२ − क्ष१) = (३५ − २) ÷ ३ = ११. सूत्र पाठ करू नका, चालणं लक्षात ठेवा.

कोष्टकात क्ष = ० ची ओळ असेल तर य-आंतरछेद तिथे आयता लिहिलेला असतो. हे सांगावं लागतं, हसू नका.

आता हात लागलाच आहे तर य = म·क्ष + क या रूपाबद्दलही. म हा चढ, क हा य-आंतरछेद, आणि क्ष-आंतरछेद −क/म. याचे तीन सापळे:

२य = ६क्ष + ८ मध्ये य-आंतरछेद ८ नाही, ४ आहे. य एकटा उभा असल्याशिवाय क वाचायचा नाही.

य = ५ − २क्ष मध्ये पहिली संख्या ५ आहे म्हणून ती चढ ठरत नाही. जी क्ष ला चिकटलेली ती चढ, जी मोकळी ती आंतरछेद. जागेवर जाऊ नका.

य = ३(क्ष − २) मध्ये −२ हा य-आंतरछेद वाटतो. कंस सोडवला की य = ३क्ष − ६, आंतरछेद −६. गंमत अशी की या रूपात क्ष-आंतरछेदच उघडा दिसतो: कंस शून्य कधी? क्ष = २ असताना. तेव्हा कंस सोडवायच्या आधी तो वाचून घ्या.

शून्यवादी

आंतरछेद रूपही सांगून टाका की. ३क्ष + ४य = २४ ला २४ ने भागा: क्ष/८ + य/६ = १. छेदस्थानी बसलेत तेच आंतरछेद. छेदांत छेद, कोट्या करणाऱ्यांची सोय. उलट दिशेनेही उपयोगी: आंतरछेद −१० आणि ४ दिले की क्ष/(−१०) + य/४ = १ थेट लिहा, २० ने गुणा, −२क्ष + ५य = २०. ऋणको यांची वरची रेषा परत आली.

अक्षांसोबत होणारा काटकोन त्रिकोण याच रूपातून निघतो. पाया ८, उंची ६, क्षेत्रफळ २४, कर्ण १०. आरंभबिंदूपासून रेषेचं लंबांतर ८ × ६ ÷ १० = ४.८. क्षेत्रफळ काढताना चिन्हं सोडून द्यायची, रूप लिहिताना सोडायची नाहीत.

मर्यादा आधी सांगितलेल्याच: आरंभबिंदूतून जाणारी किंवा अक्षाला समांतर रेषा या रूपात लिहिता येत नाही. शून्याने भागावं लागेल, किंवा भागायला आंतरछेदच नसेल.

तारेवरची_कसरत

वही सोडून प्रयोगशाळेत या, तिथे आंतरछेदाला एकक असतं आणि अर्थही. आणि तिथली सगळ्यात मोठी चूक वेगळीच आहे.

विद्युतघटाच्या टोकांमधला विभव आणि प्रवाह यांचा आलेख: व्होल्टेज = ईएमएफ − प्रवाह × अंतर्गत रोध. उभ्या अक्षावर व्होल्टेज, आडव्यावर प्रवाह. उभा आंतरछेद म्हणजे ईएमएफ (प्रवाह शून्य असतानाचं व्होल्टेज), आडवा म्हणजे शॉर्ट सर्किटचा प्रवाह, चढ म्हणजे ऋण अंतर्गत रोध. ईएमएफ १.५ व्होल्ट आणि रोध ०.५ ओहम असेल तर रेषा आडव्या अक्षाला ३ अँपिअरवर छेदते.

आता वाचनं सगळी १.१ ते १.४ व्होल्टमध्ये आहेत म्हणून उभा अक्ष १.० पासून सुरू केला. जागा वाचली, आलेख छान मोठा आला. पण रेषा कागदाच्या खालच्या कडेला भेटते ती १ अँपिअरवर, आणि वहीत येतं ‘शॉर्ट सर्किट प्रवाह १ अँपिअर’. ती कड हा अक्षच नाही! तिथे व्होल्टेज शून्य नाही, १.० आहे. जिथे दुसरी राशी खरोखर शून्य आहे तिथलाच छेद हा आंतरछेद. अक्ष तोडलेला असेल तर आंतरछेद आलेखावरून वाचायचा नाही, दोन लांबचे बिंदू घेऊन समीकरणाने काढायचा. ते बिंदूही रेषेवरचे, वाचनांचे नव्हेत.

रेघोट्या (धागालेखक)

@तारेवरची_कसरत, हे भारी आहे. म्हणजे आमच्या मुलांची उलटापालट आणि तुमच्याकडची कड-गफलत एकाच मुळाची निघाली. दोघांनीही ‘कोण शून्य आहे’ हे विचारलेलं नाही.

तारेवरची_कसरत

अगदी. आणखी उदाहरणं देतो, आंतरछेद कुठे कुठे भौतिक राशी म्हणून येतो त्याची.

फॅरनहाइट = १.८ × सेल्सिअस + ३२. उभा आंतरछेद ३२, पाणी गोठण्याचं तापमान. आडवा आंतरछेद −३२/१.८, साधारण −१७.८ सेल्सिअस, म्हणजे फॅरनहाइटचं शून्य. दोन्ही आंतरछेद दोन मोजपट्ट्यांची शून्यं आहेत.

स्थिर दाबाखाली वायूचं आकारमान आणि सेल्सिअस तापमान यांची रेषा मागे वाढवली की आडवा आंतरछेद −२७३.१५ च्या आसपास. तिथपर्यंत कोणताही खरा वायू वायू राहत नाही, आधीच द्रव किंवा घन होतो. तरी त्या छेदाला अर्थ आहे, कारण केल्विन मोजपट्टी तिथून सुरू होते.

प्रकाशविद्युत परिणामात (प्रकाश पडून धातूतून इलेक्ट्रॉन सुटतात तो) त्या इलेक्ट्रॉनांना थांबवणारा विभव आणि प्रकाशाची वारंवारता यांचा आलेख सरळ रेषा असतो. आइनस्टाइननी हे समीकरण १९०५ मध्ये मांडलं, मिलिकन यांची काटेकोर मोजणी १९१६ मध्ये प्रसिद्ध झाली. आडवा आंतरछेद ही ती वारंवारता, जिच्याखाली इलेक्ट्रॉन सुटतच नाहीत. उभा आंतरछेद ऋण येतो. तो ऋण आला म्हणून घाबरून पुसणारे आहेत, पण त्याच्याच मापावरून धातूचं वर्क फंक्शन (इलेक्ट्रॉन सोडवायला लागणारी किमान ऊर्जा) मिळतं.

एक धोका मात्र सगळीकडे. वाचनं ० ते १०० सेल्सिअसमधली आणि आंतरछेद −२७३ वर, म्हणजे वाचनांच्या पट्ट्याच्या जवळजवळ तिप्पट लांब. चढात जराशी चूक झाली तरी तिकडे ती फुगते. पट्टी_पेन्सिल यांचंच अर्ध्या मिलिमीटरचं गणित. आंतरछेद वाचनांच्या मध्ये पडत असेल तर विश्वास ठेवा, लांब बाहेर पडत असेल तर सोबत त्रुटीही लिहा.

कोष्टक

स्प्रेडशीट वापरणाऱ्यांसाठी. ‘इंटरसेप्ट’ हे फंक्शन थेट य-आंतरछेद देतं, पण त्यात आधी य ची रांग, मग क्ष ची द्यावी लागते. सवयीने क्ष आधी दिला तर फंक्शन तक्रार करत नाही, गुपचूप चुकीची संख्या देतं. ‘स्लोप’ चंही तसंच. क्ष-आंतरछेद हवा असेल तर ऋण इंटरसेप्ट भागिले स्लोप.

आलेखावर ट्रेंडलाइन काढत असाल तर आडवा अक्ष कुठून सुरू होतो ते तपासा. सॉफ्टवेअर स्वतःच्या मर्जीने अक्ष तोडतं, आणि मग वर सांगितलेली कड-गफलत मशीन करून देतं. आणि आलेखाचा प्रकार ‘लाइन’ निवडू नका, ‘स्कॅटर’ निवडा. लाइन प्रकारात क्ष च्या किमती नुसती लेबलं होतात, ट्रेंडलाइन १, २, ३ असे क्रमांक धरून बसते आणि समीकरणातला आंतरछेद भलताच येतो.

तिरकस

@कोष्टक, ‘चुकीची संख्या’ म्हणजे नेमकी कोणती हे बघितलंत का? पहिलाच_प्रतिसाद यांचे बिंदू घ्या, (२, ७) आणि (५, १). रांगा उलट दिल्या तर उत्तर ५.५. म्हणजे क्ष-आंतरछेद! क्ष आणि य ची अदलाबदल केली की ‘क्ष शून्य असताना य’ चं ‘य शून्य असताना क्ष’ होतं.

कोष्टक

अरे हो! म्हणजे मूळ धाग्यातली उलटापालट संगणकही करतो, फक्त आपण सांगितल्यावर. पण एक पुस्ती: बिंदू तंतोतंत एका रेषेवर असतील तरच ते जुळेल. वाचनांत थोडा विखुरलेपणा असेल तर क्ष वरून य ची सर्वोत्तम रेषा आणि य वरून क्ष ची सर्वोत्तम रेषा वेगळ्या असतात, तेव्हा दोन उत्तरांत फरक पडेल.

मूकवाचक

धागा शाळेतून निघाला, प्रयोगशाळेतून संगणकात गेला. आता कोणीतरी त्याला आरंभबिंदूकडे आणा.

शून्यवादी

आणतो. @रेघोट्या, उलटापालट होते कारण ‘य = ०’ ही मुलांना क्लृप्ती वाटते. ती क्लृप्ती नाही, ते क्ष-अक्षाचं समीकरण आहे. क्ष-अक्षावरचे बिंदू लिहायला लावा: (५, ०), (−२, ०), (१००, ०), (०, ०). सगळ्यांत काय सारखं? दुसरा निर्देशक शून्य. म्हणजे त्या अक्षाचं नाव क्ष, पण समीकरण य = ०. नाव एका अक्षराचं, समीकरण दुसऱ्याचं. गोम इथे आहे, आणि मुलं जिथे चुकतात ती जागाही हीच.

मग क्ष-आंतरछेद काढणं म्हणजे दोन रेषांचा छेद काढणं: ३क्ष + ४य = २४ आणि य = ०. एकसामयिक समीकरणंच, त्यातलं एक अतिशय सोपं. य = ४ ला क्ष-आंतरछेद का नाही हेही मग वेगळं सांगावं लागत नाही. य = ४ आणि य = ० समांतर आहेत.

झाकली_मूठ

लहान मुलांना ‘एकसामयिक’ जड जाईल. त्यांना विचारा, ‘क्ष-अक्षावर उभा राहिलास तर जमिनीपासून किती उंच?’ शून्य. उंची म्हणजे य. मग बोट ठेवा.

ऋणको

गोल करून.

रेघोट्या (धागालेखक)

दोन्ही घेतो. आणि एक बदल मी स्वतः करणार: उत्तर संख्येत नको, आधी बिंदूत मागायचं. ‘क्ष-आंतरछेद = ६’ असं उलटं लिहिता येतं, पण ‘(०, ६) हा क्ष-अक्षावरचा बिंदू’ असं लिहून आलेखावर टिंब द्यायला सांगितलं की पेन्सिल उभ्या अक्षावर जाते आणि चूक डोळ्यांना दिसते. खुसपट यांची माफी मागून, आधी बिंदू, मग संख्या.

खुसपट

माफी मंजूर. शिकवताना चालेल.

पट्टी_पेन्सिल

धागा बंद व्हायच्या आत एक कोडं. एका रेषेच्या दोन आंतरछेदांची बेरीज ७, आणि रेषा व अक्ष यांच्यातल्या त्रिकोणाचं क्षेत्रफळ ६. अशा रेषा किती?

पहिलाच_प्रतिसाद

क्षेत्रफळ ६, म्हणून आंतरछेदांचा गुणाकार १२. बेरीज ७. म्हणजे ३ आणि ४, किंवा ४ आणि ३. दोन रेषा: क्ष/३ + य/४ = १ आणि क्ष/४ + य/३ = १.

ऋणको

चार. गुणाकार −१२ असला तरी क्षेत्रफळ ६ च राहतं. मग आंतरछेद (७ ± √९७)/२, म्हणजे साधारण ८.४२ आणि −१.४२, आणि त्यांची अदलाबदल.

पहिलाच_प्रतिसाद

वजाचं चिन्ह बोटाखाली गेलं.